डिस्क खराब नाही, ती मुद्दाम तशीच बनवलेली आहे

वाचकांचे प्रश्न : जुने गेम, जुन्या डिस्क

मागच्या अंकात गेमच्या सीडी-डीव्हीडी जपण्याबद्दल लिहिलं आणि त्यावर आलेले बरेचसे प्रश्न एकाच जातीच्या डिस्कबद्दल निघाले. म्हणजे ज्या डिस्क सोनी, सेगा, निन्टेन्डो यांच्या परवान्याशिवाय दुसऱ्याच कंपन्यांनी काढल्या, आणि वर त्यांची कोणी कॉपी करू नये म्हणून स्वतःचं कॉपी प्रोटेक्शनही घातलं. या डिस्कबद्दल मला फार आतून वाटतं, कारण परवानावाल्या गेमचं निदान कंपनीकडे काहीतरी पडलेलं असतं, कधीतरी ते पुन्हा काढतात. यांचं कोणीच नाही. मूळ कंपनी बरेचदा बंद, कन्सोलवाली कंपनी यांचं नाव घ्यायला तयार नाही, राहिली ती फक्त लोकांच्या कपाटातली डिस्क. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला दिलीये.

प्रश्न (पुणे) : ताई, मामेभावाने इंग्लंडहून परत येताना गेमक्यूब आणला होता, त्यासोबत ॲक्शन रिप्लेची छोटी डिस्क आहे. कॉम्प्युटरमध्ये टाकली तर ड्राइव्ह नुसता घरघर करतो आणि डिस्कच नाही म्हणतो. मोबाइलच्या दुकानात दाखवली तर ते म्हणाले पॉलिश करून देतो. करून घेऊ का?

पॉलिश अजिबात करू नका, आधी हे सांगते मग बाकीचं. गेमक्यूब या निन्टेन्डोच्या कन्सोलची डिस्क ही ८ सेंमीची, आतून डीव्हीडीच्याच जातीची, आणि डीव्हीडीमध्ये डेटाचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.६ मिमीवर असतो, त्यामुळे मशीनने घासलं की प्लास्टिक कमी होतं आणि ते परत येत नाही. तुमच्या डिस्कला बहुतेक काही झालेलंच नाहीये. गेमक्यूबच्या डिस्क उलट्या फिरतात म्हणून पीसीत चालत नाहीत असं एक खूप पसरलेलं आहे, तेही चूक, सरळच फिरतात. आत डेटा ज्या पद्धतीने विस्कटून लिहिलाय ती पद्धत साध्या डीव्हीडीपेक्षा वेगळी आहे म्हणून साधा ड्राइव्ह गोंधळतो. एलजीचे काही जुने ड्राइव्ह, जीडीआर-८१६१बी ते ८१६४बी या मालिकेतले, हे कच्चं, म्हणजे डिस्कवर जसं आहे तसंच, वाचू शकतात पण आता ते मिळणं कठीण. सोपा रस्ता म्हणजे निन्टेन्डोचाच जुना वी कन्सोल, ज्याच्यावर गेमक्यूबचे कंट्रोलर लावायची जागा असते तो, मागे आरव्हीएल-००१ लिहिलेला. त्यावर होमब्रू चॅनल (हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवायची सोय) टाकून क्लीनरिप नावाचा प्रोग्रॅम चालवायचा, तो डिस्क वाचून एसडी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर फाइल काढतो. नंतरचा फॅमिली एडिशन वी घेऊ नका, तो गेमक्यूबच्या डिस्क घेतच नाही.

आता तुमच्या डिस्कची खरी गंमत. ॲक्शन रिप्ले (गेममध्ये चीट कोड वापरू देणारी डिस्क) आणि फ्रीलोडर (दुसऱ्या प्रदेशातले गेम चालवू देणारी) ही डेटेल या इंग्लंडमधल्या कंपनीची उत्पादनं, निन्टेन्डोचा परवाना नसताना बाजारात आणलेली. आणि डेटेलच्या गेमक्यूब डिस्कवर काही पट्टे असे आहेत की तिथे वाचायला गेलं की ड्राइव्ह अडकतो. साध्या रिपरला, म्हणजे डिस्क वाचून फाइल काढणाऱ्या प्रोग्रॅमला, वाटतं डिस्क मेली आणि तो मध्येच सोडून देतो. क्लीनरिपमध्ये यासाठी वेगळी सोय करून ठेवलीये, ओळखीच्या डेटेल डिस्कची यादी असते आणि कुठून कुठपर्यंत वाचायचं नाही ते त्यात लिहिलेलं असतं, तेवढा भाग तो ओलांडतो आणि फाइलमध्ये ती जागा ठरलेल्या बाइटने भरून टाकतो.

तुमची डिस्क यादीत असेल तर काम सोपं आहे. नसेल तर जास्त महत्त्वाची आहे, कारण मग बहुतेक ती आवृत्ती अजून कोणी नोंदवलेलीच नाही. या चीट डिस्कच्या आवृत्त्या खूप निघाल्या, नवीन गेम आले की कोडची यादी वाढवून नवीन डिस्क छापायची, आणि कव्हर बरेचदा तेच. त्यामुळे वरून सारख्या दिसणाऱ्या दोन डिस्क आतून वेगळ्या असू शकतात. डिस्क उलटी करून मधल्या भोकाजवळची चकाकणारी कड बघा, तिथे बारीक अक्षरात नंबर कोरलेला असतो. तो टॉर्च तिरका धरून फोटो काढा, जमलं नाही तर हाताने उतरवून घ्या. हा नंबर म्हणजे त्या छपाईची ओळख. अशा डिस्कवर कुठे साल नसतं, कुठे आवृत्ती नसते, मग हाच एक धागा हातात राहतो.

प्रश्न (नागपूर) : अनलायसन्स्ड म्हणजे शेवटी पायरेटेडच ना? मग ते जपायचं कशाला?

नाही हो, दोन्ही एकदम वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा गैरसमज आपल्याकडे जास्त आहे कारण आपण प्लेस्टेशनच्या जमान्यात बघितल्या त्या बहुतेक डिस्क रस्त्यावरच्या कॉपीच होत्या. पायरेटेड म्हणजे दुसऱ्याचा गेम उचलून छापलेला. अनलायसन्स्ड म्हणजे स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, फक्त कन्सोलवाल्या कंपनीची परवानगी आणि तिला द्यायची रॉयल्टी न घेता-देता विकलेला. अमेरिकेत ॲकोलेड कंपनीने सेगाच्या जेनेसिस कन्सोलवर असेच गेम काढले, सेगाने कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की मशीनशी जुळवून घेण्यासाठी त्याचा कोड उकलून बघणं हे न्याय्य वापरात बसतं. त्याच वर्षी गॅलूब विरुद्ध निन्टेन्डो खटल्यात गेम जीनी या चीटच्या उपकरणाच्या बाजूनेही निकाल लागला. म्हणजे हा सगळा धंदा चोरीचा नव्हता, मोठ्या कंपनीचं कुलूप न तोडता बाजूने वाट काढणाऱ्या हुशार लोकांचा होता. त्यांनी ती वाट कशी काढली हे त्या डिस्कवरच लिहिलेलं आहे, दुसरीकडे कुठेही नाही. मला तरी जपायला एवढं कारण पुरेसं वाटतं.

प्रश्न (कोल्हापूर) : माझ्याकडे प्लेस्टेशन वनची एक परवाना नसलेली चीट डिस्क आहे. आयएसओ करायला घेतली की दर वेळी त्याच जागी एरर येते. डिस्कवर एकही ओरखडा दिसत नाही. एका मित्राने 'इग्नोर एरर' टिक करून आयएसओ बनवून दिला. झालं का काम?

नाही झालं, आणि मित्राने मदत करायच्या नादात नेमकी तीच गोष्ट फेकून दिली जी ठेवायला हवी होती. हे जरा नीट सांगते कारण या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे.

सीडीवरचा डेटा सेक्टर नावाच्या तुकड्यांत लिहिलेला असतो, एक सेक्टर २३५२ बाइटचा. प्लेस्टेशनच्या डेटा सेक्टरमध्ये त्यातले २०४८ बाइट खरा डेटा, आणि बाकी १२ बाइट सिंक, ४ बाइट पत्ता, ८ बाइट सबहेडर, ४ बाइट ईडीसी आणि २७६ बाइट ईसीसी. ईडीसी म्हणजे या सेक्टरमध्ये काही चुकलंय का ते तपासायची बेरीज, आणि ईसीसी म्हणजे चुकलं असेल तर दुरुस्त करायला दिलेली जादा माहिती. आयएसओ म्हणजे डिस्कच्या डेटाची एका फाइलमध्ये केलेली कॉपी, तिच्यात यातले फक्त २०४८ बाइट जातात. प्रोटेक्शन बरेचदा उरलेल्या ३०४ बाइटमध्ये खेळ करतं, आणि आयएसओ नेमकं तेच सोडून देतो.

मग ही एरर खरी की मुद्दाम घातलेली हे कसं ओळखायचं? सीडीवर चुका पकडायच्या दोन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर सीआयआरसी असतं, धूळ, ओरखडा, बुरशी यामुळे जे बिट हरवतात ते तिथे पकडले जातात आणि जे तिथे भरून निघत नाहीत त्यांची ड्राइव्ह सी२ एरर म्हणून नोंद देतो. वरच्या पायरीवर ते ईडीसी-ईसीसी. आता डिस्कला खरंच ओरखडा असेल तर सी२ एरर दिसतात, आणि स्पीड कमी करून परत वाचलं, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचलं की आकडे हलतात, कधी एखादा सेक्टर सुटतोही. पण फॅक्टरीतच चुकीचा लिहिलेला सेक्टर असेल तर सी२ शून्य येतो, म्हणजे बिट अगदी स्वच्छ वाचले जातायत, तरी ईडीसीची बेरीज जुळत नाही, आणि कितीही वेळा वाचा, कुठल्याही चांगल्या ड्राइव्हवर वाचा, तेच सेक्टर आणि तेच चुकीचे बाइट. पीसीच्या गेमवर सेफडिस्क नावाचं प्रोटेक्शन होतं ते याच तत्त्वावर चालायचं, गेम सुरू होताना त्या ठरलेल्या जागा वाचून बघायचा, एरर आली तर डिस्क अस्सल, एरर नाही आली तर कॉपी. म्हणजे बघा, इथे दुरुस्त केलेली डिस्कच नकली ठरते.

म्हणून तुमच्या डिस्कसाठी आयएसओ नको, कच्चं वाचन हवं. रिडम्पर किंवा डिस्कइमेजक्रिएटर हे फुकट प्रोग्रॅम आहेत, दोन्हींना एमपीएफ नावाचा सोपा चेहरा लावून वापरता येतं. ड्राइव्ह मात्र साधा चालत नाही, प्लेक्स्टर कंपनीच्या जुन्या ड्राइव्हपैकी पीएक्स-७१६ किंवा पीएक्स-७६० मिळाला तर उत्तम, नवीनमध्ये आसुसचा बीडब्ल्यू-१६डी१एचटी योग्य फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) टाकून रिडम्परसोबत लोक वापरतात. वाचताना सबचॅनलही घ्या, प्रत्येक सेक्टरमागे ९६ बाइट वेगळे असतात, म्हणजे एकूण २४४८. सबचॅनल कोण बघतंय असं वाटेल, पण युरोपातल्या प्लेस्टेशन गेमवर, उदाहरणार्थ मेडिइव्हिलच्या युरोपीय आवृत्तीवर, सोनीने लिबक्रिप्ट म्हणून जे प्रोटेक्शन घातलं ते अख्खं सबचॅनलच्या क्यू भागात काही ठरलेल्या सेक्टरच्या नोंदी मुद्दाम बिघडवून बनवलंय. नुसती बिन-क्यू फाइल (डेटाची बिन आणि ट्रॅकची यादी असलेली क्यू, हा क्यू वेगळा) ठेवली तर तो गेम इम्युलेटरवर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, मध्येच बसतो, म्हणून त्या बिघडलेल्या नोंदींची छोटी एसबीआय फाइल सोबत ठेवावी लागते. तो परवानावाला गेम आहे, पण धडा तुमच्या डिस्कलाही तोच लागू.

आणि लॉग डिलीट करू नका प्लीज. लोक मोठी फाइल ठेवतात आणि छोट्या टेक्स्ट फाइल कचरा म्हणून उडवतात. कुठल्या ड्राइव्हवर वाचलं, सी२ किती आले, ईडीसी कुठल्या सेक्टरला चुकला, हे लॉगमध्येच असतं, आणि पुढे कोणी विचारलं की हा सेक्टर मुळातच असा होता की तुमच्या डिस्कला डाग होता, तर उत्तर द्यायला तेवढंच हातात असतं.

अजून एक, काही गोष्टी कितीही चांगलं वाचन केलं तरी फाइलमध्ये येतच नाहीत. सोनीच्या अस्सल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात डेटाची वाटच किंचित डुलती ठेवलेली असते आणि त्या डुलण्यात एससीईए, एससीईई किंवा एससीईआय अशी प्रदेशाची खूण असते, कन्सोल ती बघतो. घरच्या सीडी रायटरने ती लिहिता येत नाही आणि पीसीचा ड्राइव्ह ती देतही नाही. परवाना नसलेल्या डिस्कवर ही खूण असायचं कारण नाही, म्हणून त्या कशा सुरू व्हायच्या ते सोबतच्या सामानावर अवलंबून. बऱ्याच चीट सेटमध्ये प्लेस्टेशनच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावायचं कार्ट्रिज असायचं, ते पोर्ट सोनीने एससीपीएच-९००० मालिकेपासून काढूनच टाकलं. तुमच्या डिस्कसोबत असलं काही आलेलं असेल, माळ्यावर कुठे डबा असेल, तर शोधा. डिस्क आणि ते कार्ट्रिज मिळून एक वस्तू आहे.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका) : गॅरेज सेलमध्ये ड्रीमकास्टसोबत ब्लीमकास्टची टेकन ३ ची डिस्क मिळाली. याची कॉपी करून ठेवावी म्हणतोय पण कॉपी चालत नाही.

अहो, किती छान गोष्ट मिळालीये तुम्हाला! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्लीम ही अमेरिकेतली छोटी कंपनी, १९९९ मध्ये त्यांनी पीसीवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा इम्युलेटर दुकानात विकायला ठेवला, सोनीने खटले भरले. जाहिरातीत प्लेस्टेशन गेमचे फोटो तुलनेसाठी वापरण्याबद्दलच्या खटल्यात २००० साली अपील कोर्टाचा निकाल ब्लीमच्या बाजूने लागला, पण कोर्टाच्या खर्चात कंपनी आतून पोखरली गेली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये बंद पडली. बंद पडायच्या आधी, २००१ मध्येच, त्यांनी सेगाच्या ड्रीमकास्टसाठी ब्लीमकास्ट काढलं, ग्रॅन टुरिस्मो २, टेकन ३ आणि मेटल गिअर सॉलिड अशा तीन गेमसाठी तीन डिस्क. ब्लीमकास्टची डिस्क टाकायची, मग प्लेस्टेशनचा ओरिजिनल गेम टाकायचा, आणि तो ड्रीमकास्टवर ६४० बाय ४८० मध्ये, मूळ मशीनपेक्षा स्वच्छ दिसायचा. एका कंपनीच्या कन्सोलवर तिच्या प्रतिस्पर्ध्याचा गेम, आणि परवाना दोघांपैकी कोणाचाच नाही!

ड्रीमकास्टचे गेम खरं तर जीडी-रॉमवर यायचे, साधारण १ जीबीची खास डिस्क, बाहेरच्यांना ती छापून मिळणं शक्य नव्हतं. पण सेगाने मिल-सीडी नावाच्या संगीताच्या डिस्कसाठी कन्सोलमध्ये साध्या सीडीवरून सुरू व्हायची सोय ठेवली होती, आणि परवाना नसलेल्या सगळ्यांनी तोच दरवाजा वापरला. २००० च्या शेवटाकडे बनलेल्या काही ड्रीमकास्टमध्ये सेगाने तो बंद केला, त्यामुळे तुमची अस्सल डिस्कसुद्धा एखाद्या मशीनवर चालली नाही तर लगेच डिस्कला दोष देऊ नका, आधी मशीन कधीचं ते बघा.

आता वाचायचं कसं. मिल-सीडी पद्धतीत दोन सेशन, म्हणजे वेगवेगळे लिहिलेले भाग, असतात, पहिल्यात ऑडिओ, दुसऱ्यात डेटा. आणि दोन सेशनच्या मध्ये मोकळी जागा असते, पहिल्या सेशनचा लीड-आउट (शेवटची पट्टी) ६७५० सेक्टर, दुसऱ्याचा लीड-इन (सुरुवातीची पट्टी) ४५०० सेक्टर, आणि १५० सेक्टर प्रीगॅप (ट्रॅकआधीची मोकळी जागा), मिळून ११४०० सेक्टर. घरी बनवलेल्या ड्रीमकास्ट सीडीत पहिला ऑडिओ ट्रॅक बरेचदा ३०२ सेक्टरचा ठेवतात, म्हणून डेटा ११७०२ पासून सुरू होतो, हा आकडा ड्रीमकास्टवाल्यांच्या तोंडपाठ असतो. कच्चं वाचन करताना क्यू फाइलमध्ये ही सेशनची माहिती आली पाहिजे, आरईएम (टिपणीच्या) ओळींमध्ये लीड-आउट, लीड-इन लिहितात तशी. साध्या रिपरने सगळे ट्रॅक एकामागे एक चिकटवून दिले तर डेटाचे पत्ते सरकतात आणि डिस्कची रचनाच हरवते. सीडीआय (डिस्कची कॉपी ठेवायचा आणखी एक प्रकार) फाइल चालवायला सोयीची असते पण जपायला मी ती धरणार नाही.

कॉपी चालत नाही याचा अर्थ तुमचं वाचन चुकलं असाही घेऊ नका, ब्लीमकास्टवर प्रोटेक्शन आहेच, रायटरवर लिहिलेली डिस्क चालू नये यासाठीच ते घातलंय. आत्ताचं तुमचं काम कॉपी चालवायचं नाहीये. काम आहे डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, दोन वेळा, जमलं तर दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि दोन्हीचे हॅश (फाइलमधल्या डेटावरून निघणारी ओळखीची संख्या) जुळवायचे. चालवायचं कसं ते नंतर कोणीतरी शोधेल, तुम्ही किंवा दुसरं कोणी.

प्रश्न (ठाणे) : इंटरनेटवर याच डिस्कच्या क्रॅक केलेल्या फाइल मिळतात, चालतात पण. मग एवढा उपद्व्याप कशाला?

क्रॅक केलेली, म्हणजे प्रोटेक्शन काढून टाकलेली, फाइल चालते हे खरं आहे आणि तिच्यामुळे कितीतरी गोष्टी नुसत्या नावापुरत्या तरी टिकल्या हेही खरं. पण क्रॅक करणाऱ्याने काय बदललं हे तो सहसा लिहून ठेवत नाही. तपासणीचा भाग काढला, कधी डिस्कवर मावावं म्हणून संगीत कमी केलं, कधी सुरुवातीला स्वतःच्या ग्रुपचं नाव टाकलं. आणि काही प्रोटेक्शन कॉपी ओळखल्यावर लगेच थांबवत नाहीत, गेम चालू देतात आणि आत हळूच काहीतरी बिघडवतात, त्यामुळे क्रॅक अर्धवट असेल तर तुम्हाला कळतही नाही की तुम्ही बघताय तो गेम तसा नव्हताच. मूळ कच्चं वाचन हातात असेल तर त्यावरून क्रॅक कधीही बनवता येतो. उलट दिशेने जाता येत नाही. क्रॅक ठेवा की, कोण नको म्हणतंय, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने.

प्रश्न (ओसाका, जपान) : नोकरीसाठी इथे आहे, सेकंडहँड दुकानांतून पीसी इंजिन या जुन्या कन्सोलचे सीडी गेम घेतो. एक गेम्स एक्स्प्रेसची डिस्क मिळाली पण माझ्या सिस्टम कार्डवर सुरूच होत नाही. सीडी खराब असेल का?

सीडी ठीक असणार, तुमच्याकडे कार्ड चुकीचं आहे. पीसी इंजिनला १९८८ च्या डिसेंबरमध्ये सीडी ड्राइव्ह आला, कन्सोलच्या जगात सगळ्यात पहिला, आणि सीडी सुरू करायला एक सिस्टम कार्ड लागायचं. गेम्स एक्स्प्रेसने परवाना न घेता प्रौढांसाठीचे गेम काढले आणि ते फक्त त्यांच्याच गेम्स एक्स्प्रेस सीडी कार्डवर चालतील असं केलं. अधिकृत सिस्टम कार्डवर ती डिस्क मुकीच. म्हणजे इथे कुलूप डिस्कवर आणि किल्ली कार्डात, सीडी कितीही छान वाचून ठेवली तरी कार्डाच्या आतला रॉम, म्हणजे त्यातला कायमचा प्रोग्रॅम, वाचून ठेवला नसेल तर पुढच्या माणसाला उपयोग शून्य. सुदैवाने तो रॉम जपला गेलाय आणि इम्युलेटर त्याला ओळखतात.

तुम्ही तिथेच आहात तर निन्टेन्डोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टमच्या पिवळ्या डिस्कवरही नजर ठेवा, १९८६ चं मशीन. त्यात प्रोटेक्शन म्हणजे चक्क आकार होता. डिस्कच्या प्लास्टिकवर खालच्या कडेला निन्टेन्डोचं नाव इंग्रजी अक्षरांत खोलगट दाबलेलं, आणि ड्राइव्हमध्ये त्याला बसेल असा भाग, अक्षरं नसतील तर डिस्क बसणार नाही. परवाना नसलेल्यांनी काय करावं, नाव जसंच्या तसं टाकलं तर ट्रेडमार्कचा लफडा, म्हणून एखादं अक्षर बदलून 'निनफेन्डो' असं काहीतरी दाबलं, खाचा बसतील तेवढ्या बसल्या. हे कुठल्याही फाइलमध्ये येत नाही. त्या कडेचा जवळून काढलेला स्पष्ट फोटो, पट्टी शेजारी ठेवून, हेच तिचं जतन. असली डिस्क दिसली तर रिकामी असली, वाचली जात नसली तरी घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : हे सगळं कायद्यात बसतं का? भीती वाटते.

मी वकील नाही, पण कायद्याच्या पुस्तकात आहे ते सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२(१)(एए) आहे, त्यात कायदेशीरपणे मिळालेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी, हरवणं किंवा खराब होणं यापासून बचावासाठी, करता येते असं आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं, ते तांत्रिक संरक्षण मोडण्याबद्दल आहे, पण त्यात हक्कभंगाच्या इराद्याने मोडलं तर असे शब्द आहेत, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. कच्चं वाचन करताना तुम्ही काही मोडतही नाही, प्रोटेक्शन आहे तसंच उचलून ठेवता. मात्र कंपनी बंद पडली म्हणून कॉपीराइट संपत नाही, तो कोणाकडे तरी जातो किंवा नुसता हवेत राहतो, तेव्हा फाइल सगळ्यांना वाटणं, विकणं हे वेगळं प्रकरण. स्वतःच्या डिस्कची बॅकअप आणि तिची नोंद, इथपर्यंत थांबा. अमेरिकेतल्या वाचकांनी तिथला १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइटचा कायदा वेगळा आणि कडक आहे हे लक्षात ठेवा. तिथे २०२४ मध्ये बाजारात न मिळणारे गेम लायब्ररीतून घरबसल्या अभ्यासकांना वापरू देण्याची सूट मागितली होती, ती नाकारली गेली. मला हे फार चुकीचं वाटतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं होतं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत. जे विकतच मिळत नाही ते वापरू दिल्याने विकणाऱ्याचं कसलं नुकसान?

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळ्यात डिस्कवर पांढरे ठिपके येतात. टूथपेस्ट लावू का?

टूथपेस्ट नको, त्यात बारीक खर असते. साध्या स्वच्छ पाण्याने आणि मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. सीडीची लेबलची बाजू जास्त नाजूक असते, डेटाचा चकाकता थर लेबलच्या लगेच खाली लाखेच्या पापुद्र्यात असतो, तिथे नखाने खरवडलं तर गेला. पुसल्यावर पूर्ण वाळू द्या, मग उभी ठेवा, डब्यात सिलिकाची पुडी टाका, ती अधूनमधून बदला. कागदी कव्हर आणि पुस्तिका डिस्कपासून वेगळ्या ठेवा, ओल तीच धरतात. आणि उजेडाकडे धरून डिस्कच्या आरपार टाचणीएवढी भोकं दिसली तर ती बुरशी नाही, थरच उडालाय, ती डिस्क सगळ्यात आधी वाचायला घ्या.

प्रश्न (धुळे) : माझ्याकडे ना प्लेक्स्टर, ना वी. साधा लॅपटॉप आहे, त्यात ड्राइव्हपण नाही. दोन-तीन अशा डिस्क आहेत. मी काय करू शकतो?

खूप काही. आधी रिडम्प या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटच्या यादीत तुमच्या डिस्क आहेत का बघा. तिथे गेमच्या फाइल मिळत नाहीत, फक्त नोंदी असतात, प्रत्येक डिस्कचे सीआरसी-३२, एमडी५ आणि एसएचए-१ हॅश, रिंगवरचा (मधल्या भोकाजवळच्या कडेवरचा) नंबर, आणि किती जणांनी वेगवेगळ्या डिस्कवरून तेच हॅश काढून दाखवलेत ते. एकाच माणसाने वाचलेली डिस्क अर्धवटच धरतात, दुसऱ्याच्या डिस्कशी जुळली की मग पक्की. प्रोटेक्शनवाल्या डिस्कला तर हे जास्तच लागतं, कारण दोन वेगळ्या डिस्कवर तेच सेक्टर बिघडलेले दिसले की तो फॅक्टरीचा हात हे सिद्ध होतं. म्हणजे तुमची डिस्क आधीच नोंदलेली असली तरी ती वाया नाही, ती दुसरी साक्ष आहे.

मग फोटो काढा : कव्हर पुढून-मागून, पुस्तिकेचं प्रत्येक पान, डिस्कची लेबलची बाजू, आणि खालची कड रिंगच्या नंबरसकट. जवळच्या शहरात कोणाकडे चांगला ड्राइव्ह असेल तर डिस्क स्वतः घेऊन जा, कुरियरने पाठवायचीच असेल तर कडक डब्यातून, आणि त्याला आधीच सांगा की कच्चं वाचन हवंय, सबचॅनलसकट, लॉगसकट, आणि एरर आली तरी काही 'फिक्स' करायचं नाही. फाइल मिळाल्या की दोन ठिकाणी ठेवा, एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, आणि हॅशची छोटी टेक्स्ट फाइल दोन्हीकडे सोबत. ज्यांच्याकडे प्लेक्स्टर किंवा चालणारा जुना वी आहे आणि जे दुसऱ्याची डिस्क वाचून द्यायला तयार आहेत त्यांनी आम्हाला शहराच्या नावासकट कळवा, धुळ्याचे हे वाचक आणि असे बाकीचे यांची गाठ आम्ही घालून देऊ.